शिडीला चालेल इतकं वजन

रेकॉर्ड ऑफिसातल्या मोठ्या ताईंचं पोट डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया करून केळ्याएवढं करून ठेवलं, त्याला परवाच्या सोमवारी नऊ महिने झाले. बाईमाणसाचे नऊ महिने म्हटले की आजूबाजूचे लोक काहीतरी येण्याची वाट बघतात. इथे सगळे काहीतरी जाण्याची वाट बघत होते, आणि ते काही जायला तयार नव्हतं.

म्हणजे अगदीच गेलं नाही असं नाही, खोटं कशाला बोला. पहिल्या चार महिन्यांत एकशे एकोणीसचे सत्त्याण्णव झाले. ऑफिसात कौतुक झालं, शेजारणीने दोनदा वळून बघितलं, आणि एक जुना झगा अंगावरून घसरला म्हणून ताईंनी तो हातात धरून पाच मिनिटं आनंदाने उभं राहून घेतलं. पण त्यानंतर वजनाने एखाद्या चिवट पाहुण्यासारखं केलं. चपला घातलेल्या, पिशवी हातात, ‘निघतो हं’ चारदा म्हणून झालेलं, आणि पाय अजून दारातच.

‘मोठ्या’ हे विशेषण सेवाज्येष्ठतेचं होतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. ऑफिसात दोन ताई. एक पंधरा वर्षांपूर्वी लागलेली, एक पाच वर्षांपूर्वी. म्हणून एक मोठी, एक छोटी. आता छोटी ताई अठ्ठेचाळीस किलोची होती हा निव्वळ योगायोग, असं मोठ्या ताई स्वतःला रोज समजावत, आणि रोज थोडंसं कमी पटे.

खरी गोष्ट अशी की ताईंना बारीक व्हायचंच नव्हतं. त्यांना वर जायचं होतं. वर म्हणजे देवाघरी नव्हे, तिथे बोलावणं आलं की जायचंच आहे. त्यांना जायचं होतं ते रेकॉर्ड रूमच्या लोखंडी माळ्यावर. त्या माळ्यावर शहराचे जुने नकाशे गठ्ठ्यांनी बांधून ठेवलेले होते, आणि अकरा वर्षं ताई तिथे एकट्या बसून त्यांच्या याद्या लिहीत होत्या. माळ्याला एक खिडकी होती. खिडकीखाली रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एका खोलीचं चष्म्याचं दुकान. ते दुकान ताईंच्या यजमानांचं.

यजमानांना सगळे चष्मेवाले म्हणत. रोज साडेबाराला चष्मेवाले खुर्ची उचलून दुकानाच्या दारात आणून ठेवत, वर बघत, आणि डबा उघडत. वर खिडकीत ताई आपला डबा उघडत. डबा ताईंनीच सकाळी भरलेला असे, तरी चष्मेवाले आत वाकून बघत आणि ‘अरे वा, आज हे?’ असा चेहरा करत. अकरा वर्षं नवराबायको असे रोज एकत्र जेवले, मधे एक रस्ता, एक मजला आणि गाड्यांचे भोंगे ठेवून. लोकांना यात काही विशेष वाटणार नाही. पण घरी बोलण्याचं सगळं काम सासूबाईंकडे होतं, आणि त्या ते मनापासून करत. तेव्हा ताईंच्या संसारातलं खरं बोलणं त्या अर्ध्या तासात, एक शब्द न बोलता होऊन जाई.

मग चार वर्षांपूर्वी सुरक्षासाहेब आले. त्यांनी माळ्याच्या शिडीवरचा रंग नखाने खरवडला आणि त्याखालून एक पत्र्याची पट्टी निघाली. ‘कमाल भार ९० किलो.’ सुरक्षासाहेबांनी पट्टी वाचली, मग ताईंकडे बघितलं, मग परत पट्टी वाचली. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही. माणूस सभ्य होता. दुसऱ्या दिवशी लेखी आलं. ताई खाली नकला देण्याच्या काउंटरवर, छोटी ताई वर माळ्यावर.

काउंटर दोन वाजेपर्यंत सोडता येत नाही. त्यामुळे ताईंचा डबा दोनला, आतल्या खोलीत, कपाटाकडे तोंड करून. चष्मेवाल्यांचा साडेबाराला, कारण दोनला त्यांच्याकडे ऑफिसांतली गिऱ्हाइकं येतात. गेली चार वर्षं दोघं एकाच भांड्यातला भात दोन वेगवेगळ्या वेळी खात होते.

यजमानांना ताईंनी शिडीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. बदली काउंटरवर झाली आणि शस्त्रक्रिया गुडघ्यांसाठी आहे, एवढंच त्यांना ठाऊक. सांगितलं आणि जमलं नाही, तर? एका माणसाने वाट बघणं पुरे.

ताईंचे नेम कडक. पहाटे अंघोळ, देवापुढे बसणं, मग वजनकाटा. काट्याला वाईट बोलायचं नाही हा नेम त्यांनी शस्त्रक्रियेनंतर नव्याने धरला होता आणि तो बाकी सगळ्यांपेक्षा जड गेला. देवाजवळ मागणं एकच. देवाला किलोत सांगणं बरं दिसत नाही, म्हणून त्या हात जोडून फक्त ‘खिडकी’ म्हणत. देवाला पुढचं कळत असावं अशी त्यांची श्रद्धा होती.

घरच्या काट्याचा स्वभाव मात्र चंचल. स्वयंपाकघरात एक्याण्णव, बाहेरच्या गॅलरीत नव्वद.

“मग स्वयंपाकघरात कशाला मोजतेस? गॅलरीत मोज,” सासूबाई म्हणाल्या.

“अहो आई, वजन तेच असतं ना.”

“तेच असतं तर जिथे कमी दाखवतंय तिथे उभं राहायला काय जातंय तुझं?”

ताई दुसऱ्या दिवसापासून काटा गॅलरीतच ठेवू लागल्या. जेवताना तर सासूबाई मोजणीलाच बसत. एक घास पंचवीस वेळा चावायचा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. सासूबाई समोर बसून मोठ्याने मोजत, “बावीस, तेवीस… गिळलास का? दोन राहिले होते!” वरवर त्यांचा सूर तक्रारीचा. पण दात गेल्यापासून घरात मऊ भात खाणाऱ्या त्या एकट्या होत्या, आता जोडीला सून आली होती. एकदा हळूच म्हणाल्याही, “चला, तुझ्यामुळे माझं जेवण लवकर संपायला लागलं.”

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे उदाहरण तयार होतं. तिच्याकडे प्रत्येक आजाराचं एक तयार असे.

“माझ्या जावेच्या बहिणीने हेच करून घेतलं. सहा महिन्यांत कॉलेजातले कपडे अंगाला आले, ताई! कॉलेजातले!”

“बाई गं. आता कशा आहेत?”

“आता ना,” शेजारीण पदर सारखा करत म्हणाली, “आता परत शिवायला टाकलेत.”

सगळ्यांत घाई होती ती छोट्या ताईला. तिला उंचीची भीती. शिडीची सहावी पायरी आली की ती डोळे मिटायची, आणि नकाशांच्या खोलीत डोळे मिटून काम करणं अवघड. ती रोज दोनला आतल्या खोलीत येऊन ताईंच्या डब्यात डोकावायची.

“एवढंच खाता? मग कमी का होत नाही हो?”

“होतंय. सावकाश होतंय.”

“ताई, माझ्यासाठी तरी करा. काल वर मला घेरी आली, मी अर्धा तास एकोणिसाव्या गठ्ठ्याला मिठी मारून बसले होते.”

ताईंच्या मनात आलं, त्याच गठ्ठ्याला टेकून आपण बसायचो. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. एखाद्याला नको असलेल्या जागेसाठी दुसऱ्याने पोट कापून घ्यावं, हे देवाचं वाटप त्यांना कधी समजलं नाही. पण देवाला वाईट बोलायचं नाही हा नेम तर लहानपणापासूनचा.

घरच्या गॅलरीत सलग तीन दिवस नव्वद भरलं, तेव्हा ताईंनी अर्ज लिहिला. ‘मला पूर्ववत माळ्यावर काम करण्याची परवानगी मिळावी.’ अर्ज घेऊन त्या स्वतः सुरक्षासाहेबांकडे गेल्या.

“पुरावा?” सुरक्षासाहेब म्हणाले.

“कालच मोजलं साहेब. नव्वद. आमच्या गॅलरीत.”

“गॅलरीची फरशी सपाट आहे, याचा दाखला?”

“फरशीचा दाखला नाही साहेब. डॉक्टरांची चिठ्ठी आणू?”

“त्यांचा काटा आपल्या मान्य यादीत नाही.” सुरक्षासाहेबांनी यादी काढली. यादीत एकच ओळ होती. “या इमारतीत मान्य काटा एकच. आवक विभागातला.”

“तो तर पार्सलचा आहे.”

“दीडशे किलोपर्यंत चालतो,” सुरक्षासाहेब म्हणाले. धीर देण्याच्या हेतूने.

आवक विभागातले कारकून सर्वांचे भाऊ. भाऊ भला माणूस, पण यंत्राच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हे. आणि ते यंत्र असं, की आधी नोंद पूर्ण केल्याशिवाय वजन दाखवायचंच नाही. ताई चपला काढून, पदर आवरून त्या लोखंडी चौकोनावर उभ्या राहिल्या. आजूबाजूला खोकी. भाऊंनी पडद्याकडे बघून विचारायला सुरुवात केली.

“कोणाकडून आलं?”

“काय?”

“प्रेषक लिहावा लागतो ताई. रिकामा ठेवला तर पुढे जात नाही.”

“घरून आले, घर लिहा.”

“वस्तूचा प्रकार? कागदपत्रं, नकाशे, फर्निचर, नाशवंत, इतर.”

ताईंनी क्षणभर विचार केला. प्रश्न सरकारी होता, पण त्यांना तो वेगळ्याच ठिकाणी जाऊन लागला.

“नाशवंत लिहा भाऊ. खरं तर आपण सगळेच.”

“ते बरोबर आहे हो, पण नाशवंत असलं की चोवीस तासांत जावक दाखवावी लागते. इतर लिहितो.”

यंत्राने दोन चिकटपट्ट्या छापल्या. एक वहीत लावायची, एक वस्तूवर. भाऊंनी दुसरी ताईंच्या हातात दिली आणि नजर खाली घातली. ९१.२००.

ताई पुढच्या सोमवारी पुन्हा गेल्या. ९०.९००. त्यापुढच्या सोमवारी ९०.६००. मग ९०.४००. आनंदाच्या भरात ताईंनी सासूबाईंना सांगितलं, की आता फक्त चारशे ग्रॅम. सासूबाई म्हणाल्या, “चारशे ग्रॅम म्हणजे काय, एक बरंसं वांगं.” आणि पुढच्या सोमवारी पुन्हा ९०.४००. आणि त्यापुढच्या सोमवारीही ९०.४००.

ते बरंसं वांगं नेमकं कुठे बसलं आहे, याचा शोध ताईंनी फार घेतला. केस बारीक कापून आल्या. सोन्याच्या बांगड्यांऐवजी काचेच्या घातल्या, मग काचेच्याही काढल्या. जिने चढल्या, उतरल्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “शरीर जरा थांबलंय. विसावा घेतंय. उपाशी बिपाशी राहू नका हं, त्याने उलटंच होईल.” ताईंना शरीराचा हेवा वाटला. त्याला बरा विसावा सुचतो.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की ताई शिडीपाशी जरा रेंगाळत. चौदा पायऱ्या. खालच्या तीन पायऱ्या त्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या. त्या पायरीला हात लावत आणि निघत. मग रस्ता ओलांडून दुकानाशी. चष्मेवाले कुलूप लावत असत.

“झालं?” ते विचारत.

“झालं,” ताई म्हणत.

आणि दोघं घरी जात, जिथे सासूबाई दिवसभराच्या बोलण्याचा साठा करून बसलेल्या असत.

अशात ऑफिसात वार्षिक तपासणी लागली. तपासणीबाई शनिवारी बाहेरून आल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि प्रत्येक वहीचं शेवटचं पान आधी बघायची सवय. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी, मधला रविवार सोडून, त्यांनी आवकची वही उघडली आणि भाऊंना बोलावलं.

“‘इतर’ या प्रकारात सहा वस्तू आल्यात. प्रेषक, घर. एकूण पाचशे त्रेचाळीस किलो नऊशे ग्रॅम. यातली एकही बाहेर गेल्याची नोंद नाही. अर्धा टन माल आहे हा. कुठे ठेवलाय?”

भाऊंच्या कपाळावर घाम. “आहे बाई. इथेच आहे.”

“कुठे इथे?”

“त्या… नकलांच्या काउंटरवर बसल्यात.”

तपासणीबाईंनी दारातून काउंटरकडे बघितलं. तिथे ताई एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांच्या जमिनीच्या नकाशाची नक्कल देत होत्या.

“सहाच्या सहा?”

“सहाच्या सहा.”

पुढच्या अर्ध्या तासात ही बातमी इमारतीच्या ज्या मजल्यांवर पोचायची गरज नव्हती तिथेही पोचली. ताईंकडे लेखी खुलासा मागितला गेला. खुलासा लिहिणं ही रेकॉर्ड ऑफिसातल्या माणसाला हात धुण्याइतकी सवयीची गोष्ट. पण ताईंच्या पेनातून शाई उतरेना. पंधरा वर्षं ज्या ऑफिसाच्या वह्यांत त्यांनी एक खाडाखोड केली नाही, त्या ऑफिसात आज त्या स्वतः न जुळणारी नोंद होऊन बसल्या होत्या. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘सदर सहाही नोंदींतील वस्तू मी आहे. मी या कार्यालयात रोज येते व रोज घरी जाते. परंतु जाताना माझी नोंद कोणी करत नाही.’

तपासणीबाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“खुलासा ठीक आहे. पण नियमाने प्रत्यक्ष पडताळणी करावी लागेल. शेवटच्या नोंदीची तरी.”

तो दिवस सोमवारच होता. ताई सहा जिल्ह्यांच्या नकाशांसमोर, अठरा माणसांच्या देखत, चपला काढून त्या चौकोनावर उभ्या राहिल्या. डोळे मिटले. छोटी ताई मागे उभी राहून देवाचं काहीतरी पुटपुटत होती. तिची अर्धी प्रार्थना स्वतःसाठी होती, पण ताईंनी तिला क्षमा केली.

“किती आहे नोंदीत?” तपासणीबाईंनी विचारलं.

“नव्वद चारशे,” भाऊ म्हणाले.

“आणि प्रत्यक्षात?”

भाऊंनी बाहीने पडदा पुसला. मग त्यांचा आवाज आला, जरा वरच्या पट्टीत. “एकोणनव्वद सातशे.”

“म्हणजे सातशे ग्रॅमची तूट!” तपासणीबाई एकदम खुर्चीत ताठ झाल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी सापडलं होतं. “एका आठवड्यात सातशे ग्रॅम तूट. ही तूट गेली कुठे?”

ताईंनी डोळे उघडले. त्यांना वाटलं, इतकी वर्षं आपण ज्याची वाट बघत होतो तो शब्द हाच. लोक ‘बारीक झालात हो’ म्हणतात, ते तोंडदेखलं असतं. पण एका परक्या बाईने, नियमावर बोट ठेवून, जाब विचारत म्हणावं की तूट आहे!

“बाई,” ताई हळू आवाजात म्हणाल्या, “हे लिहून द्याल का? तूट म्हणून. सहीशिक्क्यासकट.”

तपासणीबाईंच्या सगळ्या नोकरीत कोणी तूट अशी मागून घेतली नव्हती. त्यांनी लिहून दिलं.

सुरक्षासाहेबांनी तो कागद उलटसुलट बघितला. शिक्का खरा होता, काटा मान्य होता. त्यांनी खाली सही करायला पेन उघडलं, आणि पेन तसंच हवेत राहिलं.

“एक आहे ताई. भार म्हणजे माणूस अधिक त्याच्या हातातलं.”

“म्हणजे?”

“नव्वदमधून एकोणनव्वद सातशे वजा करा. तुम्हाला तीनशे ग्रॅम नेता येईल वर. त्याहून जास्त नाही.”

“साहेब, नकाशाचा एक गठ्ठा चार किलोचा असतो,” छोटी ताई मागून म्हणाली. तिचा आवाज रडकुंडीला आलेला.

“मग त्या वर जाऊन करणार काय?” सुरक्षासाहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

“गठ्ठे सगळे वरच आहेत साहेब,” ताई म्हणाल्या. “खाली सोडायला दोरीची टोपली आहे. मला वर फक्त बसायचंय. म्हणजे, याद्या करायच्यात.”

सुरक्षासाहेबांनी जरा विचार करून लिहिलं, ‘आठ दिवस प्रायोगिक तत्त्वावर, तीनशे ग्रॅमच्या मर्यादेत.’ छोटी ताई तिथल्या तिथे ताईंच्या गळ्यात पडली. ताईंनी तिला सावकाश सोडवलं, कारण त्यांना आता एकच हिशोब पडला होता. तीनशे ग्रॅमात काय मावतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आवक विभागात गेल्या आणि काट्यावर आपला डबा ठेवला. शस्त्रक्रियेनंतर आणलेला, मुठीएवढा. आत चार-पाच चमचे मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, थोडं दही. भाऊंनी काही न विचारता ‘नाशवंत’ लिहिलं. २६५ ग्रॅम, चमच्यासकट. उरलेल्या पस्तीस ग्रॅमांत ताईंनी पेन आणि एक रुमाल बसवला.

बारा वाजता त्या शिडीला लागल्या. चौथ्या पायरीवर श्वास लागला. आठव्या पायरीवर गुडघ्याने जुनं नातं सांगितलं. खाली छोटी ताई दोन्ही हात पसरून उभी, जणू एकोणनव्वद सातशे वरून आलं तर ती झेलणारच होती. चौदावी पायरी. ताई वर पोचल्या आणि जमिनीवर बसून राहिल्या. कागदाचा, धुळीचा, जुन्या कापडाचा तोच वास. छोट्या ताईने भीतीपायी खिडकीला गठ्ठे लावून ठेवले होते. ताईंनी ते एकेक सरकवले, रुमालाने काच पुसली.

साडेबारा झाले. रस्त्यापलीकडे दुकान होतं. दारात खुर्ची नव्हती.

ताईंनी काचेला कपाळ टेकून बघितलं. खुर्ची आत होती, भिंतीकडे तोंड करून. खुर्चीत चष्मेवाले, रस्त्याकडे पाठ. त्यांची पाठ कधीपासून अशी वाकली, हे ताईंच्या रोज घरात राहून लक्षात आलं नव्हतं. ते भराभर जेवत होते, वेळ काढायचं काही कारण नसलेल्या माणसासारखे. दहा मिनिटांत उठले, बाहेरच्या नळावर डबा घासला, झटकला, आत जाऊन उपडा ठेवला. मान एकदाही वर केली नाही. ताईंचा तिसरा घास तोंडात होता.

बुधवारी तेच. काचेवर टिचकी मारावी असं ताईंच्या मनात आलं, पण खाली बसेस होत्या, आणि ताईंना आपला मानही होता. हाक मारून बघायला लावलं तर ते बघणं कसलं? रात्री जेवताना त्यांनी आडून विचारलं.

“अहो, तुम्ही पूर्वी दुपारी बाहेर बसायचात ना? दारात?”

“बाहेर धूळ असते,” सासूबाई म्हणाल्या. “चोवीस, पंचवीस, गीळ आता.”

चष्मेवाल्यांनी ताटाकडे बघतच भात कालवला. “बाहेर बसून बघायचं काय?” ते म्हणाले. एवढंच. आणि पाणी प्यायले.

सासूबाई पुढे धुळीवर बोलत राहिल्या. ताईंनी तो घास तसाच तोंडात ठेवला. मी आहे वर, असं आता या क्षणी म्हणता आलं असतं. पण समोर सासूबाई होत्या, आणि इतक्या मोठ्या गोष्टीला इतकं छोटं वाक्य ताईंना जमेना.

गुरुवारी त्या शिडी चढल्या तेव्हा पायऱ्या जास्त वाटल्या. साडेबाराला चष्मेवाले पाठ करून बसले, जेवले, उठले, नळावर डबा घासला. ताईंनी स्वतःला सांगितलं, बाई गं, तू खिडकी मागितली होतीस, देवाने खिडकी दिली. त्यातून कोणी दिसावं, हे तुझ्या मागण्यात नव्हतं. चमचा भरला आणि चावायला लागल्या.

तेवढ्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं, एक लठ्ठसे काका, लांबचं दिसत नाही म्हणून नवा चष्मा करून घेतलेले. चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावर चष्मा बसवला, दांड्या कानामागे नीट केल्या आणि त्यांना दारात आणून उभं केलं. लांबचं तपासायला ते गिऱ्हाइकाला नेहमी रस्त्यापलीकडची रेकॉर्ड ऑफिसची पाटी वाचायला लावत. काकांनी पाटी वाचली असावी, कारण चष्मेवाले मान डोलावून आत वळले. पण काका आता नव्या नजरेच्या हौसेने आणखी वर बघत होते. पाटीच्या वर, पहिल्या मजल्याच्या वर. त्यांचा हात उठला. बोट सरळ ताईंकडे.

ते काय म्हणाले हे काचेतून ऐकू आलं नाही. चष्मेवाले थबकले. मागे फिरले. कपाळावर हात आडवा धरून वर बघितलं. मग स्वतःचा चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला आणि पुन्हा बघितलं.

ताईंच्या हातात चमचा होता. त्यांना हात हलवायचंही सुचलं नाही.

चष्मेवाले आत निघून गेले.

काका दारात तसेच. ताईंनी काचेवरचा आपला श्वास बोटाने पुसला. आतमध्ये काही हललं, मग दारातून आधी खुर्चीचे पाय बाहेर आले, मग खुर्ची, मग चष्मेवाले. त्यांनी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली, जमिनीवर नीट टेकते का हे हाताने हलवून बघितलं, आणि बसले. मांडीवर डबा घेतला. तोच, आत्ताच घासून उपडा ठेवलेला, आतून अजून ओला असणार. झाकण काढून बाजूला ठेवलं, रिकाम्या डब्यात बोटं घातली, घास केला, तोंडात घातला, आणि वर बघत चावू लागले.

काका नव्या चष्म्यातून एकदा डब्यात बघत, एकदा खिडकीकडे.

ताईंच्या डब्यात अजून सहा चमचे होते. डॉक्टरीणबाईंनी एक घास पंचवीसदा चावायला सांगितलं होतं. ताईंनी चाळीसदा चावला. खाली चष्मेवाल्यांनीही, घास नसताना, अजून गिळला नव्हता.